पहिल्या नोकरीआधीचा प्रश्न : एकच तंत्रज्ञान धरायचे की सगळे थोडे थोडे?

वागळे इस्टेटमधील आमच्या अभ्यासिकेत रविवारी मार्गदर्शनाला येणाऱ्या मुलामुलींचे प्रश्न बदलले आहेत. पूर्वी बँक, रेल्वे, पोलीस भरती आणि एमपीएससी एवढेच विषय निघायचे. आता बी.एस्सी. आयटी, बीसीए किंवा डिप्लोमा केलेला तरुण समोर बसतो आणि विचारतो, "ताई, एकच काहीतरी धरू की सगळं शिकून ठेवू?"

आम्ही समाजकार्य करणारी माणसे, कोड लिहिणे हा आमचा धंदा नाही. पण हा प्रश्न इतक्या वेळा आला, की ऐरोली, घोडबंदर रोड, पवई येथे नोकरी करणाऱ्या आपल्याच वस्तीतील मुलांना बोलावून आम्ही त्यांच्याशी पुन्हा पुन्हा बसलो. अर्ज पाहिले, मुलाखतीत काय विचारले ते लिहून घेतले. ज्यांच्या घरात सॉफ्टवेअरमध्ये कोणीच नाही, त्यांच्या उपयोगाचे त्यातून जे हाती लागले ते येथे देत आहोत.

शब्द आधी स्पष्ट करू. स्पेशलायझेशन म्हणजे एका शाखेत खोल जाणे : कोणी फक्त अँड्रॉइड ॲप करतो, कोणी फक्त डेटाबेस सांभाळतो, कोणी टेस्टिंगचे ऑटोमेशन करते. जनरलिस्ट म्हणजे पडद्यावर दिसणारा भाग, मागचा सर्व्हर, डेटाबेस, होस्टिंग हे सगळे कामापुरते येणारा. 'फुल स्टॅक' हा जाहिरातीतला शब्द साधारण याच माणसासाठी वापरतात. दहा वर्षे काम केलेल्याला यातून निवड करता येते. नवशिक्याकडे यातले एकही नसते आणि त्याचा प्रश्न तिथेच अडतो.

वागळे इस्टेटने हे आधी पाहिले आहे

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झाले आणि त्याचे काम सुरू झाले ते याच वागळे इस्टेटमधून. रोड नंबर १६, २२, २८ असे आकड्यांचे रस्ते आणि दोन्ही बाजूंना इंजिनिअरिंगचे कारखाने. इंदिरानगर, किसननगर, लोकमान्यनगर, रामनगर या वस्त्या त्या कारखान्यांच्या भोंग्यावर वाढल्या. आता रोड नंबर १६ च्या बाजूला आशर आयटी पार्क आहे, पासपोर्ट कार्यालय आहे, काचेच्या इमारती आहेत. बसचा थांबा मात्र अजून 'नितीन कंपनी' म्हणूनच ओळखला जातो.

आमच्या वस्तीतील तीन काकांची गोष्ट आम्ही मुलांना नेहमी सांगतो. तिघेही लेथवर काम करणारे. पहिल्यांनी आयटीआयमधून टर्नर केले आणि सतरा वर्षे एकाच कॅपस्टन लेथवर एकच बुश काढला. हात इतका बसला होता, की डोळे झाकून जॉब उतरवायचे. पीस रेटवर पैसेही बरे मिळत. दुसरे काकाही टर्नरच, पण त्यांनी लेथ पक्का केल्यावर टूल रूममध्ये बदली मागून घेतली. ड्रॉइंग वाचायला शिकले, टूल स्वतः ग्राइंड करू लागले, मिलिंगवर हात मारला, मायक्रोमीटरवर टॉलरन्स पाहू लागले. तिसरे काका एका छोट्या गाळ्यात मदतनीस होते. लेथ, ड्रिल, वेल्डिंग, मालाची डिलिव्हरी, साहेबाचा चहा, सगळे तेच करायचे. पण टर्नरचा दर त्यांना कधीच मिळाला नाही, कारण कोणत्याही एका मशीनवर एकट्याने उभे राहून जॉब पास करून देतील असा भरवसा कोणी धरला नाही.

कारखाने बंद पडू लागले, काही बाहेर गेले. दुसरे काका सीएनसी मशीनवर सेटर झाले. नवीन मशीन त्यांना कोणी शिकवली नव्हती, पण ड्रॉइंग तेच होते, टॉलरन्स तोच होता. पहिले काका आज एका आयटी पार्कच्या गेटवर सिक्युरिटीला आहेत. त्यांचे कौशल्य कमी नव्हते. एका मशीनच्या बाहेरचे काही शिकण्याची संधी त्यांना मालकाने दिली नाही आणि ती मागता येते हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

दुसऱ्या काकांच्या क्रमाकडे लक्ष द्या. आधी लेथ पक्का, मग आजूबाजूचे. तिसऱ्या काकांनी आजूबाजूचे आधी केले.

काय जुने होते, काय होत नाही

सॉफ्टवेअरमध्ये मशीन बदलण्याचा वेग फार मोठा आहे. एकेकाळी वेबवरचे गेम आणि ॲनिमेशन फ्लॅशमध्ये व्हायचे. ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधार कंपनीने बंद केला. अँग्युलरजेएस २०१० मध्ये आले, असंख्य कंपन्यांनी वापरले आणि २०२१ अखेर त्याचाही आधार संपला. आज ज्याचे क्लास सर्वांत जास्त चालतात ते रिॲक्ट २०१३ चे आहे. ते कधी मागे पडेल हे सांगता येत नाही, पण कधीतरी पडणार हे धरूनच चालावे.

आता दुसरी बाजू. टेबलांमध्ये माहिती ठेवून त्यांचा संबंध जोडण्याचा विचार एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडला. आजही मुलाखतीत एसक्यूएलची क्वेरी लिहायला सांगतात. लिनक्स ज्या घराण्यातले आहे त्या युनिक्सची सुरुवात १९६९ मधली. सी भाषा १९७२ च्या सुमारास घडली, जावा १९९५ ची. माहिती साठवण्याच्या आणि शोधण्याच्या मूळ पद्धती, ब्राउझरमधून निघालेली विनंती सर्व्हरपर्यंत कशी जाते, चूक शोधायची कशी, गिटमध्ये कामाची नोंद कशी ठेवायची, हे आपल्या क्षेत्राचे ड्रॉइंग आणि मायक्रोमीटर आहेत. अँग्युलरजेएस मनापासून शिकलेल्यांचे फार नुकसान झाले नाही, कारण खालची जावास्क्रिप्ट त्यांना येत होती. फक्त त्याच्या आज्ञा पाठ केलेल्यांची मात्र अडचण झाली.

म्हणून हा पाया कोणत्याही एका शाखेत मोजू नये. तो सगळ्यांनाच लागतो. निवडीचा प्रश्न त्याच्यावरच्या मजल्याचा आहे.

सल्ला देणारा कोण, हे पाहा

इंटरनेटवर दोन्ही प्रकारचे सल्ले भरपूर मिळतात. 'दोन वर्षे सगळे चाखून बघा, मग आवड ठरवा', हा त्यातला एक. ज्याच्या घरचे भाडे त्याच्या पगारावर अवलंबून नाही, त्याला तो ठीक आहे. आपल्याकडे पदवीचा निकाल लागला की दुसऱ्या महिन्यात घरात विचारणा सुरू होते, आणि आई चार घरची कामे करत असेल तर तिने न विचारताही ती ऐकू येते.

दुसरी गोष्ट ओळखीची. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दुबळ्या नात्यांच्या ताकदीवर निबंध लिहिला. एम.ए.ला तो आम्ही परीक्षेपुरता वाचला होता. त्याचा अर्थ आता कळतो. नोकरीची बातमी घरच्यांकडून क्वचित मिळते. ती मिळते अर्धवट ओळखीच्या माणसांकडून : कॉलेजचा सीनिअर, मामाच्या सोसायटीतले कोणी, जुना सहकारी. सॉफ्टवेअर कंपन्यांत याला रेफरल म्हणतात. आपल्या मुलांची अर्धवट ओळखीची माणसे त्या इमारतीत कामाला असतात खरी, पण बहुतेक हाउसकीपिंग आणि सिक्युरिटीत.

तिसरी गोष्ट आडनावाची. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या वर्तमानपत्रातील जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवून पाहिले, फक्त अर्जदारांची नावे वेगवेगळ्या समाजांची ठेवली. २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त त्यांचा अभ्यास आला. दलित नावाच्या अर्जाला मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाली. तो अभ्यास केवळ सॉफ्टवेअरचा नव्हता. पण अर्ज चाळणारा माणूस काही सेकंदांत काय पाहतो, याचा अंदाज त्यावरून येतो.

या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की आमचे मत असे होते : रेफरल नसलेल्या मुलाला 'मला सगळे थोडे थोडे येते' हे म्हणणे परवडत नाही. त्याला कोणीतरी खात्रीने ओळखावे लागते आणि ओळखीची जागा पूर्ण झालेले एक कामच घेऊ शकते. पहिल्या दारासाठी अरुंद व्हा. एक भाषा, तिच्यासोबतची एक चौकट, एक डेटाबेस. जावा, स्प्रिंग बूट आणि मायएसक्यूएल घ्या, किंवा पायथन, जँगो आणि पोस्टग्रेस घ्या. कोणते घ्यावे यावर मुले महिनाभर वाद घालतात. तेवढ्या वेळात पहिली तीन प्रकरणे होतात.

पूर्ण झालेले काम म्हणजे काय

एका मुलाच्या बायोडाटात चौदा तंत्रज्ञानांची नावे होती. यातले कोणते सर्वांत चांगले येते, असे विचारल्यावर तो म्हणाला, "तसं सगळंच बेसिक येतं." प्रकल्प म्हणून यूट्यूबवर बघून केलेली खरेदीची वेबसाइट होती, जी त्याच्या वर्गातील निम्म्या मुलांकडे जशीच्या तशी आहे. दोष त्याचा एकट्याचा नाही. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. आयटीच्या जुन्या अभ्यासक्रमात दर सत्राला पाच विषय, अशी सहा सत्रे होती. त्यातून नावे लक्षात राहतात. आयटीआयमधील कोपा हा एक वर्षाचा ट्रेडही असाच आहे : ऑफिस, डेटाबेस, वेबपाने, जावास्क्रिप्ट, नेटवर्किंग, हिशेबाचे सॉफ्टवेअर, सगळे थोडे थोडे. ओळख करून द्यायला हे चांगले आहे. नोकरीसाठी त्यातले एक उचलून पुढे न्यावे लागते.

आम्ही त्याला आमच्याच अभ्यासिकेचे काम दिले. पुस्तक कोणी नेले, कधी परत आणले, परीक्षेच्या दिवसांत कोणती जागा कोणाला, हे सगळे वहीत होते. ते त्याने मोबाइलवर उघडेल असे करायचे आणि मुलांनी रोज वापरायचे.

पहिल्या आठवड्यात त्याला वाटले हे चार दिवसांचे काम आहे. मग खरी माणसे आली. एकाच नावाची दोन मुले निघाली. दोघांनी एकाच वेळी एकच जागा घेतली आणि दोघांनाही मिळाली. पासवर्ड विसरलेल्यांची रांग लागली. एकदा त्याने स्वतःच्याच हाताने अर्धी नोंद पुसली आणि बॅकअप म्हणजे काय हे त्या रात्री शिकला. होस्टिंगसाठी लिनक्सच्या आज्ञा शिकाव्या लागल्या. एक मुलगी मदतीला आली तेव्हा दोघांचा कोड एकमेकांवर बसू लागला आणि गिट गळ्यात पडले.

एकच गोष्ट खोल खणायला गेला, तर बाजूच्या पाच गोष्टी आपोआप शिकाव्या लागल्या. रुंदी अशी आली, की ती मुलाखतीत सांगता येते. 'दोघांना एकच जागा का मिळाली आणि ते कसे थांबवले', हे तो पंधरा मिनिटे बोलू शकतो. वीस वेगवेगळे व्हिडिओ पाहून ही पंधरा मिनिटे मिळत नाहीत. इंग्रजीची भीतीही इथे कमी होते, हे आम्हाला अनपेक्षित होते. स्वतः केलेल्या कामाबद्दल मोडकी वाक्येसुद्धा ठामपणे निघतात.

विहार, महिला बचत गट, सोसायटीची पाण्याची बिले, वस्तीतील क्लिनिकची नंबरची यादी, अशी कामे आपल्या अवतीभवती खूप आहेत. लोकांचे फोन नंबर आणि पत्ते त्यात असतात, तेव्हा ते उघड्यावर पडणार नाहीत याची जबाबदारीही घ्यावी.

नोकरी लागल्यावर खाते दुसरा ठरवतो

मोठ्या सेवा कंपन्या नवख्यांना घेताना विशेष ज्ञान फारसे पाहत नाहीत. गणित, तर्क, इंग्रजी आणि थोडे प्रोग्रामिंग यांची चाचणी घेतात, स्वतः प्रशिक्षण देतात आणि मग प्रकल्पाच्या गरजेनुसार कुठेही बसवतात. सुरुवातीचा वार्षिक पगार साडेतीन लाखांच्या आसपास, आणि तो गेली दहा-बारा वर्षे फारसा हललेला नाही. उत्पादन करणाऱ्या कंपन्या डेटा स्ट्रक्चरवर घासून विचारतात. वागळे इस्टेटच्या गाळ्यांतून चालणाऱ्या दहा-पंधरा माणसांच्या कंपन्यांना मात्र सगळे करणारा हवा असतो : वेबसाइटही कर, ग्राहकाचा फोनही घे, बिल छापत नसेल तर तेही बघ. तिथे वर्षभरात खूप शिकायला मिळते. दोन वर्षांहून जास्त राहिलात तर तिसऱ्या काकांसारखे होण्याचा धोका असतो.

मोठ्या कंपनीतला धोका पहिल्या काकांचा. मुलगा जावा शिकून जातो आणि त्याला एखाद्या परदेशी बँकेच्या जुन्या प्रणालीची तिकिटे बंद करायला बसवतात. घरी सगळे खूश, कारण पगार वेळेवर आहे. पाच वर्षांनी बायोडाटात 'पाच वर्षे' असतात, पण काम एकाच वर्षाचे. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, ते मुख्यतः मधल्या आणि वरच्या श्रेणीतले होते. नवीन कामात बसवता न येणे हे त्यामागचे एक कारण कंपनीने सांगितले होते.

बाबासाहेबांनी १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये जातीवर घेतलेला एक आक्षेप निव्वळ अर्थशास्त्राचा आहे. उद्योग स्थिर नसतो, म्हणून माणसाला धंदा बदलण्याची मोकळीक हवी. जात ती नाकारते आणि त्यातून बेकारी जन्मते. कंपनीने दिलेले खाते म्हणजे जात नव्हे, अशी तुलना आम्हाला करायची नाही. पण स्वतः निवडलेले विशेष ज्ञान आणि दुसऱ्याने नेमून दिलेले विशेष ज्ञान यांतला फरक तिथूनच आम्हाला दिसला. पहिल्या वर्षानंतर दुसऱ्या कामासाठी लेखी विनंती करा. नाही म्हणाले तर सहा महिन्यांनी पुन्हा करा. दरम्यान घरी आपले मूळचे काम चालू ठेवा. आपली मुले हे मागायला कचरतात. 'मिळाले तेच खूप' ही घरातली शिकवण तिथे आडवी येते.

क्लास, फी आणि फुकटचे मार्ग

'सहा महिन्यांत फुल स्टॅक, शंभर टक्के प्लेसमेंट' अशा पाट्या स्टेशनपासून सगळीकडे आहेत. आमच्याकडच्या एका मुलीने अशा एका क्लासला भावाच्या नावावर कर्ज काढून फी भरली. सहा महिन्यांत नऊ तंत्रज्ञाने झाली, प्रत्येकाला जेमतेम तीन आठवडे. प्लेसमेंट म्हणून तिला त्याच क्लासमध्ये समुपदेशकाची नोकरी देऊ केली, म्हणजे नव्या मुलांना प्रवेश घ्यायला लावायचे काम. तिने ती नाकारली, पण हप्ते अजून चालू आहेत. पैसे भरण्याआधी मागच्या तुकडीतील दोन मुलांशी क्लासच्या बाहेर बोला आणि प्लेसमेंटची अट लेखी घ्या, एवढे तरी करावे.

पायासाठी पैसे लागत नाहीत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्स, सी, जावा असे विषय मराठीतूनही ऐकता येतात. एनपीटीईएलचे अभ्यासक्रम फुकट आहेत. प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तर अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना शुल्कात सवलत असते. पदवीनंतर सी-डॅकचा, पीजी-डॅक या नावाने ओळखला गेलेला, सुमारे सहा महिन्यांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे, केंद्रे जुहू आणि खारघरलाही आहेत. त्याची सी-कॅट ही प्रवेश परीक्षा सी भाषा, डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्किंग असेच पायाचे विषय विचारते. फी मोठी आहे, पण इथे निदान नक्की काय शिकवणार ते आधी कळते.

अप्रेंटिसशिपचा मार्ग आपल्याकडे फार कमी वापरला जातो. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य असताना बाबासाहेबांनी १९४२ मध्ये सरकारला दिलेल्या निवेदनात सरकारी छापखाने आणि रेल्वेच्या कार्यशाळांत अस्पृश्य मुलांना उमेदवारी मिळावी, असे मांडले होते. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात कलम ३ए खाली अनुसूचित जाती-जमातींसाठी ठराविक ट्रेडमध्ये राखीव जागांची तरतूद आहे. कोपा झालेल्या मुलांनी हे विचारून घ्यावे. विद्यावेतन थोडे असते, पण खऱ्या कामाची नोंद हाती येते.

आणि एआयचे काय, हे आता प्रत्येक बैठकीत विचारले जाते. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आले तेव्हापासून साधा कोड लिहून मिळणे सोपे झाले, त्यामुळे 'सगळे थोडे थोडे' येण्याची किंमत आणखी घटली असे आम्हाला वाटते. ते थोडे थोडे यंत्रही करते. आमच्या मुलांचा अनुभव असा, की मुलाखतीत आता कोड लिहून घेण्यासोबत समोरचा कोड समजावून सांगायला लावतात आणि चूक कुठे आहे ते विचारतात. पाया नसेल तर ती दिसत नाही.

त्या मुलाच्या बायोडाटात आता चौदाऐवजी चार नावे आहेत आणि अभ्यासिकेच्या कामाची लिंक आहे. दहा नावे काढताना त्याला फार त्रास झाला. रिकामे वाटते, म्हणाला. मागच्या महिन्यात ऐरोलीच्या एका कंपनीत दुसऱ्या फेरीपर्यंत पोहोचला. तिथे विचारले, नोंदी दहा लाख झाल्या तर तुझा शोध हळू होईल का, आणि डेटाबेसमधला इंडेक्स म्हणजे काय? तो अडखळला. परत आल्यावर त्याने पुस्तकांच्या टेबलात खोट्या दहा लाख नोंदी भरल्या, शोधाला किती वेळ लागतो ते मोजले, इंडेक्स टाकला आणि पुन्हा मोजले. दोन्ही आकडे त्याने अभ्यासिकेच्या फळ्यावर लिहून ठेवले आहेत. पुढची मुलाखत येत्या गुरुवारी आहे.